जुना परकर जमिनीला का टेकतो?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. वय 46. तीन वर्षं डायलिसिस झालं आणि 14 महिन्यांपूर्वी पुण्यात किडनी प्रत्यारोपण झालं. किडनी त्यांच्या 67 वर्षांच्या आईने दिली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, उत्तम आहे आणि दर दोन महिन्यांनी फॉलोअपला गेलं की "छान चाललंय" असं ऐकून त्या परत येतात. पण गेले चार महिने पाठीच्या मधोमध दुखतं, वाकलं की कळ येते. प्रत्यारोपणाआधी शिवलेला परकर आता जमिनीला टेकतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी "वयाचं आहे" म्हणून कॅल्शियम दिलं, शिवाय दुखलं तर घ्यायला एक गोळी. गावातल्या शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून "हाडं ठिसूळ" असा कागद मिळाला. शेजारची हाडजोडीचा काढा घ्यायला सांगते. ताईंनी यातलं घरी काहीच सांगितलेलं नाही. त्या लिहितात, "एक एकर विकलं, आईच्या पोटावर व्रण आहे, आणि मी पाठ दुखते म्हणून रडत बसू? पाळी 42व्या वर्षीच गेली, तेव्हाही कुणाला बोलले नव्हते. स्टेरॉइडची गोळी मीच निम्मी केली तर हाडं वाचतील का? की एवढं मिळाल्यावर आणखी मागणं हाच हावरटपणा आहे?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली परकराची ओळ मी तीनदा वाचली. स्टेरॉइडने पोट सुटतं आणि पोट सुटलं की परकर वर चढतो. तुमचा खाली आला. म्हणजे तुमची उंची कमी झाली असावी, आणि 46व्या वर्षी वर्षभरात उंची कमी होणं "वयाचं" नसतं. तुमच्या लक्षात आलं, तुम्ही ते लिहिलंत, हे फार चांगलं केलंत.

आज एक काम करा. चपला काढून भिंतीला टाचा लावून उभ्या राहा, डोक्यावर वही आडवी धरून मुलाला खूण करायला सांगा आणि शिवणाच्या टेपने मोजा. मग प्रत्यारोपणाआधीची जाडी फाइल काढा. त्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या तपासणीच्या कागदावर वजनाशेजारी उंची लिहिलेली असते. दोन आकड्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर पाठीचा एखादा मणका दबलेला असू शकतो. मणका दबला की माणूस किंचाळून उठेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तसं फार थोड्यांचं होतं. मणक्याचे बहुतेक फ्रॅक्चर गुपचूप होतात, आणि घरच्यांना कळतं ते बाई जरा पोक काढून चालायला लागली म्हणून.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्यामागे अडकलेत. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय समाजसेवक म्हणून मी बरीच वर्षं रुग्णालयात प्रत्यारोपणाच्या कुटुंबांशी बोलण्याचं काम केलं. त्या वर्षांत एक गोष्ट इतक्या वेळा पाहिली की ती आता माझ्या अंगात बसली आहे. ओपीडीत पुरुष खुर्चीत बसून तक्रार सांगतो. बाई उठते, दारापर्यंत जाते, मग दाराची कडी हातात धरून वळते आणि म्हणते, "आणि ते जरा पाठीत दुखतं, पण राहू दे." तोवर पुढचा रुग्ण आत आलेला असतो.

मिळालेल्या किडनीचं ओझं बायका वेगळ्या तऱ्हेने वाहतात, आणि त्याला कारण आहे. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या आकडेवारीनुसार 1995 ते 2021 या काळात देशात झालेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी 29,000 हून अधिक पुरुषांवर झाली आणि 7,000 पेक्षाही कमी स्त्रियांवर. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त, बहुतेक आया आणि बायकोच. म्हणजे तुम्ही त्या थोड्यांतल्या आहात ज्यांच्यासाठी घराने जमीन विकली. हे प्रेम मोठं आहे आणि तुम्ही ते जाणता. पण त्या प्रेमातून तुम्ही एक हिशेब काढलात, की माझ्या वाट्याचं सगळं मिळून झालं, आता मागायचं नाही. हा हिशेब तुमच्या आईने मांडलेला नाही, नवऱ्यानेही नाही. आईने किडनी दिली ती तुम्ही धडपणे उठावं, चालावं, वाकावं म्हणून. पाठ मोडून तुम्ही अंथरुणाला खिळलात तर ती किडनी कुणाच्या कामी येणार?

दुसरा समज असा की क्रिएटिनिन चांगलं म्हणजे सगळं चांगलं. तसं असतं तर हे पत्र आलंच नसतं. तुमच्या हाडांची झीज प्रत्यारोपणाच्या कितीतरी आधी सुरू झाली. किडनी रक्त गाळते एवढंच नाही. ड जीवनसत्त्वाला शरीराच्या उपयोगाचं रूप देण्याचं कामही तीच करते. ती बिघडली की कॅल्शियम पचनातून नीट शोषलं जात नाही, फॉस्फरस साचतो, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोरात काम करू लागतात आणि रक्तातला तोल राखायला हाडातून कॅल्शियम खेचून आणतात. डायलिसिसच्या तीन वर्षांत हे रोज चाललं. मग नवी किडनी आली आणि तिला शरीराने नाकारू नये म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं. ते नवं हाड घडवणाऱ्या पेशींना मंदावतं, आतड्यातलं कॅल्शियमचं शोषण कमी करतं आणि लघवीतून कॅल्शियम जास्त जाऊ देतं. किडनी टिकवण्यासाठीच देतात त्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांचाही थोडा वाटा असतो. हाड सर्वांत वेगाने झिजतं ते प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या सहा ते बारा महिन्यांत, आणि तेही आधी मणके आणि बरगड्या, कारण त्यांचं आतलं हाड स्पंजासारखं जाळीदार असतं. तुमच्या कळा नेमक्या त्याच काळात सुरू झाल्या.

आणि पाळी. पत्रात तुम्ही ती एका वाक्यात उरकलीत. माझ्या मते पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. पाळी थांबली की हाडांचं रक्षण करणारं इस्ट्रोजेन घटतं. किडनीच्या आजारात ती वेळेआधी जाणं नवलाचं नाही. तुमची चार वर्षांपूर्वी गेली आणि त्यावर डायलिसिस, त्यावर स्टेरॉइड. नवरा शेजारी बसलेला, समोर तरुण पुरुष डॉक्टर, बाहेर चाळीस माणसं. अशा खोलीत हा प्रश्न विचारला जात नाही आणि विचारला तर बाई उत्तर देत नाही. तुमच्यावर झालेल्या अन्यायाला नाव द्यायचंच तर मी इथे बोट ठेवीन. एका प्रश्नाने तुमचा धोका ओळखता आला असता.

पुरुष वाचकांसाठीही एक वाक्य लिहायला हवं, कारण प्रत्यारोपण झालेल्यांत तेच जास्त आहेत. हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार असं घरात, आणि कधी कधी दवाखान्यातही, धरून चालतात. त्यामुळे किडनी, यकृत किंवा हृदय मिळालेल्या, रोज स्टेरॉइड घेणाऱ्या पुरुषाची हाडं तपासायचं कुणाच्या मनात येत नाही. स्टेरॉइड बाई-बुवा पाहत नाही. रोज 2.5 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून अधिक चालणार असेल तर त्या माणसाच्या हाडांचा धोका तपासायला हवा.

आता करायचं काय. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, तुमच्या तालुक्यात होत नाही आणि पुण्यात तिचे पैसे पडतात, म्हणून तुम्ही थांबलात. पण सुरुवात डेक्साने करायची गरजच नाही. पाठीचा आणि कमरेचा बाजूने काढलेला एक्स-रे, डॉक्टर त्याला डोर्सोलंबर स्पाइन लॅटरल म्हणतात, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात निघतो आणि दबलेला मणका त्यात दिसतो. हा एक्स-रे पुढच्या फॉलोअपची वाट न पाहता याच आठवड्यात काढा. याला आणखी एक कारण आहे. प्रत्यारोपणानंतर तुमची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली ठेवलेली आहे आणि आपल्याकडे क्षय घरोघरी आहे. पाठीच्या मणक्यालाही क्षय होतो. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन उतरणं, भूक जाणं यातलं काही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. तुमचं दुखणं ठिसूळ हाडांचंच आहे असं मी, तुम्ही किंवा ते टाचेचं मशीन ठरवू शकत नाही. पायात जोर कमी वाटला, मुंग्या आल्या किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. जांघेत दुखून लंगडावं लागलं तर तेही लगेच दाखवा. स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि तो आजार वेगळा.

शिबिरातला कागद फाडू नका, पण त्यावर औषधही घेऊ नका. टाचेवरचं मशीन फार तर शंका उपस्थित करतं. निदान डेक्साने होतं, कंबर आणि खुबा मोजून. त्यातला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं, म्हणतात, उणे 1 ते उणे 2.5 च्या मध्ये आला तर हाडं विरळ झाली आहेत. तुमच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवा: स्टेरॉइड घेणाऱ्यांचं हाड, आकडा फारसा वाईट नसतानाही मोडतं. म्हणून एक्स-रेत मणका दबलेला दिसला तर "स्कोअर बरा आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. डेक्सा पुढच्या पुण्याच्या फेरीतच करून घ्या, म्हणजे वेगळं भाडं नको. उपाशी राहावं लागत नाही, शिरेत काही टोचत नाहीत, किडनीला धक्का नाही. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका आणि निऱ्यांची सेफ्टी पिन काढून ठेवा.

कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल मला खरी काळजी वाटते. नवी किडनी बसली तरी कित्येकांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी जुन्याच जोरात चालत राहतात आणि रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं असतं. अशा वेळी वरून गोळ्या म्हणजे किडनीवर भार. म्हणून तालुक्याच्या लॅबमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज तपासून आकडे पुण्याच्या किडनीच्या डॉक्टरांना किंवा त्यांच्या प्रत्यारोपण समन्वयकांना फोनवर कळवा आणि गोळ्या चालू ठेवायच्या का ते विचारा. पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक) आणि ड जीवनसत्त्व पुण्यात होईल.

दुखलं तर घ्यायला दिलेल्या गोळीचं पाकीट उलटून नाव वाचा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक यातलं काही असेल तर ती आजच बंद. ज्या किडनीसाठी एवढं केलं तिला या गोळ्या इजा करतात. पॅरासिटामॉल किती चालेल ते डॉक्टरांना विचारून तेवढंच. हाडजोडीच्या काढ्याबद्दल शेजारणीचा जीव तुमच्यासाठी तुटतो हे खरं, पण काढे, भस्मं टॅक्रोलिमसची पातळी बिघडवू शकतात किंवा किडनीला थेट बाधू शकतात. तिला नाही म्हणायला जड जात असेल तर माझं नाव सांगा.

आणि स्टेरॉइड. ताई, हात जोडून सांगते, गोळी निम्मी करू नका, एक दिवसही चुकवू नका. ती अचानक कमी झाली तर शरीर किडनी नाकारू शकतं. शिवाय इतके महिने बाहेरून मिळाल्यामुळे तुमच्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावलेलं असतं, त्यामुळे रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डोस कमी करता येईल का हा प्रश्न योग्यच आहे. तो विचारा. उत्तर डॉक्टरांनी द्यायचं.

उपचार आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आठवड्याला एक अॅलेंड्रोनेटची गोळी असते. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक अॅसिड आहे. किडनीचं काम किती आहे आणि पीटीएच किती आहे हे पाहूनच यातलं काय द्यायचं ते ठरतं, कारण डायलिसिसनंतर काहींच्या हाडांची उलाढाल, म्हणजे जुनं झिजून नवं हाड बनण्याचा वेग, आधीच अगदी मंद झालेली असते आणि तिथे हीच औषधं नको असतात. म्हणून तालुक्याला कुणी "एक इंजेक्शन मारून टाकू" म्हटलं तर थांबा. दर सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीत देतात ते डेनोसुमॅबही आता आपल्या कंपन्यांचं स्वस्तात मिळतं. पण ते मध्येच सोडलं तर झीज उलटून वेगाने होते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. सोयाबीनची काढणी, लग्नसराई, पैशाची ओढाताण, यात तुमची तारीख हुकण्याची शक्यता असेल तर ते डॉक्टरांना आधीच मोकळेपणी सांगा. कुठलं औषध चांगलं, याचं उत्तर तुमच्या गावाहून पुणे किती लांब आहे यावरही ठरतं, आणि हे अंतर डॉक्टरांना दिसत नाही. तुम्हीच दाखवायला हवं.

पैशाचं सांगते. रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो. प्रत्यारोपणानंतरच्या तपासण्या आणि औषधांपैकी काय बसतं ते त्याला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ ठेवा आणि तिथल्या समाजसेवकांच्या खोलीत जा. ती खोली बहुधा जिन्याखाली किंवा कोपऱ्यात असते. विचारत जा, लाजू नका. मी अशाच खोलीत बसत होते आणि येणाऱ्या बाईची वाटच पाहत होते. औषधांसाठी चिठ्ठीवर जेनेरिक नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा.

ओपीडीतल्या तीन मिनिटांसाठी चिठ्ठी करा. मोठ्या अक्षरात पाच ओळी: "स्टेरॉइड 14 महिने. पाळी 42व्या वर्षी बंद. उंची इतके सेंटिमीटर कमी. पाठीचा एक्स-रे सोबत आहे. डेक्सा, पीटीएच, व्हिटॅमिन डी करायचं का?" खुर्चीत बसल्या बसल्या, क्रिएटिनिनचा कागद देण्याआधी, ही चिठ्ठी पुढे सरकवा. पाळीचं तोंडाने बोलावं लागत नाही.

तोवर घरात काही बदल लगेच करा. पाण्याने भरलेला हंडा उचलू नका, जमिनीवरून काही घ्यायचं तर कमरेतून वाकण्याऐवजी गुडघे वाकवून बसा. केरसुणीला लांब दांडा लावा. पुढे वाकून करायची योगासनं सध्या नकोत. सपाट रस्त्यावर रोज चाला. रात्री उठता तेव्हा दिवा लावा, मोरीतल्या ओल्या शहाबादीवर पाय घसरणं हेच अनेकींचा खुबा मोडण्याचं कारण ठरतं. एसटीत मागच्या बाकावर मुळीच बसू नका. एका खड्ड्याच्या हादऱ्याने कमकुवत मणका दबू शकतो. जेवणात नाचणी आणा, तिच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि दूध उकळून किंवा पिशवीचं. प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला 1200. त्यातलं बरंचसं ताटातून येऊ शकतं.

आता घरी सांगण्याचं. नवऱ्याला आधी परकर दाखवा. "मला काहीतरी होतंय" या वाक्याने घर घाबरतं, वर्षभरापूर्वीची धावपळ आठवते. भिंतीवरच्या दोन खुणा दाखवल्या की बोलणं सोपं होतं आणि पुढचं काम त्यांच्याही लक्षात येतं. आईला सांगायचं तुम्ही टाळताय, तिला वाईट वाटेल म्हणून. पण ती 67 वर्षांची आहे आणि 65 नंतर प्रत्येक बाईची हाडं एकदा तपासून घ्यावीत असं डॉक्टर सांगतात. तिच्या किडनीची वार्षिक तपासणी होते का, रक्तदाब कोण पाहतं, हेही तुमच्या पत्रात कुठे आलं नाही. किडनी दिल्यावर दात्याची वर्षातून एकदा तपासणी व्हायला हवी. तेव्हा पुढच्या फेरीला तिलाही बरोबर घ्या, दोघींचे कागद एका पिशवीत ठेवा आणि एसटीत चालकाच्या मागच्या दोन सीट आधीच आरक्षित करा. एक्स-रेत काय दिसलं ते मला नक्की कळवा. भिंतीवरचा आकडाही लिहा.